पूर्वेकडची भिंत पाडून मिळावी

“पहार लागली तर सांगा हं, सर. माझ्याकडे दोन आहेत,” दातांचे डॉक्टर कुंपणावरून डोकं वर काढून म्हणाले आणि चक्क हसले. भूगोलसरांच्या हातातली झारी कलली आणि कुंडीऐवजी त्यांच्या चपलेला पाणी मिळालं. ह्या माणसावर सरांनी दावा लावलेला. गेल्या उन्हाळ्यापासून दोन घरांत बोलणं तर सोडाच, शिंकेला शिंकसुद्धा नव्हती. एक बाहेर आला की दुसरा आत. आणि आज हे हसू. खवचट असतं तर सरांना बरं वाटलं असतं, खवचटपणाला कसं परतवायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण हे हसू सरळ होतं, मदतीचं होतं, शेजारधर्माचं होतं. वारा कुठून येतो, पाऊस कुठून येतो, भरतीचं पाणी का चढतं, हे सगळं सर झोपेतही सांगू शकत. हे हसू कुठून आलं ते मात्र त्यांना सांगता येईना. ते ओल्या चपलेनं फचक फचक करत घरात आले. “कुठली पहार?” त्यांनी बायकोला विचारलं. “मला काय विचारता?” ती शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाली. “दिवा लावा आधी. शब्द दिसत नाहीत.”

दिवा लावावा लागत होता, तेच तर भांडण होतं. पश्चिमेच्या खिडकीपाशी संध्याकाळी खुर्ची ओढायची, पाय वर घ्यायचे आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं, ही बायकोची सगळ्या दिवसाची कमाई. डॉक्टरांनी आपल्या हद्दीतली भिंत वाढवत वाढवत इतकी उंच नेली की संध्याकाळ सरांच्या घरी दुपारीच उतरायला लागली. बायकोनं नुसती खुर्ची दिव्याखाली सरकवली. त्या खुर्चीच्या सरकण्याचा आवाज सरांच्या डोक्यात असा बसला की ते तडक वकिलाकडे गेले. खरं तर आधी डॉक्टरांकडे जाऊन नीट बोलता आलं असतं. पण नीट बोलायचं म्हणजे थोडं त्याचं ऐकायचं, आणि ऐकून घेण्याची सरांना सवयच नव्हती. वर्गात ते बोलत आणि मुलं लिहून घेत. एवढी वर्षं जग असंच चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

चपला वाळायच्या आत वकीलबाईंचा फोन आला. “सर, बसला आहात ना? डॉक्टरांचं लेखी उत्तर आलंय कोर्टात. एकच ओळ आहे.” “काय म्हणतो लेकाचा?” “म्हणतात, वादीची मागणी मान्य, आमची काहीही हरकत नाही.” सर ताडकन उठले. “म्हणजे जिंकलो!” “जिंकलो असं म्हणता येईल,” वकीलबाई जपून म्हणाल्या, जसं दवाखान्यात ‘पेशंटला ताप नाही’ म्हणतात आणि पुढचं सांगत नाहीत. “फक्त, सर, आपण दाव्यात मागितलंय काय, तर पूर्वेकडची भिंत पाडून मिळावी. तुमच्या पूर्वेला कोण आहे?” सरांनी मान वळवली. पूर्वेला त्यांचं स्वयंपाकघर होतं. त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, रोज स्वतः पाणी मारलेलं, बायकोच्या उंचीचा ओटा असलेलं. ओट्यावर आत्ता दूध उतू जात होतं.

ते कसं झालं हे सरांना त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणापासून ते न कळल्यासारखं वागू लागले. घराचं दार दक्षिणेला. वकीलबाई पाहणीला आल्या तेव्हा दारात रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि साध्या माणसासारखं त्यांनी लिहिलं, ‘उजव्या हाताची भिंत’. मसुदा वाचायला सरांकडे आला. सरांना ते झोंबलं. हात माणसाला असतात, घराला असतात का? त्यांनी लाल पेन काढलं आणि जिथे जिथे ‘उजवा हात’ दिसला तिथे तिथे एक ठसठशीत ‘पूर्व’ लिहून टाकलं. कारण नकाशात उजवीकडे पूर्व. जन्मभर टांगलेल्या नकाशापुढे उभ्या राहिलेल्या मनगटाला दुसरं काही सुचलंच नसतं. पण नकाशा उत्तरेकडे बघतो आणि सरांचं दार दक्षिणेकडे. दारात उभं राहिलं की उजव्या हाताला पश्चिम येते. हे पाचवीतलं पोर सांगेल, पण पाचवीतल्या पोराला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. वकीलबाईंनी तपासलं नाही. “भूगोलाच्या सरांच्या दिशा मी कशाला तपासू?” त्या म्हणाल्या, आणि ह्यावर रागवावं की फुशारावं हे सरांना ठरवता आलं नाही. बायकोला मात्र सांगावं लागलं. ती दुधाचं पातेलं खरवडत होती. ती थांबली, तिनं पूर्वेच्या भिंतीकडे बघितलं, पश्चिमेच्या खिडकीकडे बघितलं, आणि मग ओट्याला धरून हसायला लागली, हसता हसता खाली बसली. “अहो, चुकलात तुम्ही!” “चूक झालीय,” सर म्हणाले. “झालीय नव्हे, केलीत.” “ते एकच.” “एकच कसं? आणि अहो, तुम्ही काही पहिल्यांदा चुकला नाहीत. पहिल्यांदा सापडलात.”

पहिल्यांदा सापडलात. हे वाक्य सरांच्या मागे लागलं, बसमध्ये त्यांच्याशेजारी येऊन बसलं, वकीलबाईंच्या ऑफिसचा जिना त्यांच्याबरोबर चढलं. ते काही खोटं बोलत नव्हतं. एकदा फळ्यावर ज्वालामुखी भलत्याच किनाऱ्यावर निघाला तेव्हा सर म्हणाले होते, नकाशा जुना आहे. एकदा सहलीला अख्खा वर्ग टेकडीच्या चुकीच्या बाजूला उतरला, बस दुसऱ्या बाजूला, मुलींच्या पायांना फोड. सर म्हणाले, हा अभ्यासाचा मार्ग, वह्या काढा. आणि मुलांनी काढल्या! मुलं त्यांना होकायंत्र म्हणत. ते नाव सरांना माहीत होतं आणि माहीत नसल्याचं ते दाखवत, कारण आवडलेल्या नावाची हीच रीत असते. लग्नानंतर दोघं फिरायला गेले तेव्हा एका तळ्याला त्यांनी तीन की चार फेऱ्या मारल्या. बायकोनं एका माळ्याला हॉटेल विचारलं, तर सर दोन दिवस घुम्म. आता आरशासमोर दाढी करताना ते तो शब्द म्हणून बघत. चु. चुक. इथपर्यंत जीभ यायची आणि मग पाय घसरल्यासारखी ‘चुकीच्या पद्धतीनं टंकलेखन झाल्यामुळे’ अशा एखाद्या लांब वाक्यात जाऊन पडायची. बाहेरून बायको ओरडायची, “पाल आहे का आत? चुकचुकतंय कोण?”

वकीलबाईंकडे ह्यावर औषध होतं. “घाबरू नका. साक्षीपुरावा सुरू झाला नाहीये तोवर दुरुस्ती अर्ज द्यायचा, पूर्व खोडून पश्चिम. कोर्ट सहसा हो म्हणतं. फक्त समोरच्याला फुकटचा हेलपाटा पडला, त्याबद्दल आपल्याला त्याचा खर्च भरायला लावतं. दंडच समजा.” “आणि अर्ज फेटाळला तर?” “तर डॉक्टरांनी आपली मागणी मान्य केलेलीच आहे,” वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. “स्वयंपाकघर आवरून ठेवा.” अर्जात लिहिलं होतं, ‘नजरचुकीने पूर्व असे नमूद झाले.’ सरांनी ते तीनदा वाचलं. कुणाच्या नजरेच्या? “ते लिहायचं नसतं,” वकीलबाई म्हणाल्या. “कुणी विचारलंच तर टायपिस्ट.” दाराशी बसलेली टायपिस्ट मशीन न थांबवता म्हणाली, “घाला हो माझ्या नावावर, सर. ह्या ऑफिसातल्या सगळ्या चुका माझ्याच आहेत. मागच्या महिन्यात एक माणूस आपल्याच सासऱ्याचा बाप निघाला, तोही माझ्यामुळेच.” ती इतकी मजेत होती की सरांना तिचा हेवा वाटला. इतक्या चुका अंगावर घेऊनही बाईचा पदर ढळला नव्हता! त्यांनी सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली.

कोर्टाची खोली म्हणजे शाळेचा वर्गच, फक्त इथे कुणी बाक वाजवत नव्हतं. भिंतीवर डागांचे बेटसमूह, पंखा किरकिर करत फिरणारा, कपाटावर कापडात बांधलेली गाठोडी. आणि फळ्याच्या जागी, उंचावर, न्यायाधीश. सर मागच्या बाकावर बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकावर. तिथून सगळं वेगळंच दिसतं हे त्यांना आत्ता कळत होतं: पुढच्यांच्या माना दिसतात, कोण पेंगतंय ते दिसतं, आणि समोरचा माणूस फार लांब आणि फार खात्रीचा वाटतो. बायको शेजारी होती. तिला नको म्हटलं होतं, तर म्हणाली, “माझ्या खिडकीची केस, माझ्या ओट्याची भिंत, आणि मी घरी बसू?” पुढे डावीकडे डॉक्टर बसले होते, नवा शर्ट घालून. आणि डॉक्टरांच्या वकिलानं मान वळवली तेव्हा सरांना ते नाक ओळखीचं वाटलं. तो दलदल होता. बारा महिने नाक गळायचं पोराचं, म्हणून सरांनीच ठेवलेलं नाव. वर्गात त्यांनी एकेकाला वाळवंट, पठार, सुळका अशी नावं वाटली होती आणि दलदल ह्याच्या वाट्याला आली होती. आता त्या नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा होता आणि ते अजिबात गळत नव्हतं. तो वाकून हसला. “सर, ओळखलंत ना?” कुजबुजला. “दलदल.” “हो हो,” सर म्हणाले, “पाणी... पाणी कमी झालंय आता.” बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

त्यांचा पुकारा झाला. न्यायाधीश तरुण होते, सरांच्या कुठल्यातरी मधल्या वर्षाच्या बॅचचे वाटावेत एवढे, पण नशिबानं त्या शाळेतले नव्हते. त्यांनी दावा उघडला आणि मोठ्यानं वाचला: “‘सदर पूर्वेकडच्या भिंतीमुळे वादीच्या घरात मावळतीचा उजेड येत नाही.’” त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. “बाई, तुमच्या पक्षकारांकडे सूर्य मावळतो कुठे?” खोलीत पेंगणारे जागे झाले. कुणीतरी खिंकाळलं. सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि त्यांना आठवलं की वर्गात अशा वेळी मुलांच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि त्यांना ते बघायला आवडायचं. “पश्चिमेलाच, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या. “म्हणूनच दुरुस्ती अर्ज. नजरचूक आहे.” न्यायाधीशांनी दलदलकडे बघितलं. “तुमची हरकत?” “आहे, साहेब,” दलदल उठला, कोट सारखा केला, आणि सरांना वाटलं आता हा सूड घेणार, आता नावाचा, अंगठे धरल्याचा, सगळ्याचा हिशेब होणार. त्यांनी जबडा घट्ट केला. सूड त्यांना पेलला असता.

दलदलनं त्यांची स्तुती सुरू केली. “साहेब, मी सरांचा विद्यार्थी. माझं भाग्य. सरांना आम्ही होकायंत्र म्हणायचो. एकदा पेपरात मी उत्तर-दक्षिण उलटं लिहिलं. म्हटलं, सर, चुकून झालं. सर म्हणाले, चुकून काही होत नसतं, माणूस लिहितो तेच त्याला म्हणायचं असतं. मी ते कधी विसरलो नाही. आज वकील झालो तो ह्याच एका वाक्यावर.” हे वाक्य आपलं, हे त्यांना आठवलं, आणि ते किती छान आहे हेही वाटलं. “तर माझं म्हणणं एवढंच,” दलदल म्हणाला, “सर दिशा चुकूच शकत नाहीत. टायपिस्टची चूक म्हणावी, तर सरांनी सही करण्याआधी ती पकडलीच असती. त्यांच्या लाल पेनातून आजवर काही सुटलेलं नाही. तेव्हा ‘पूर्व’ बरोबर आहे. चूक असेल तर ‘मावळती’त असेल. ते ‘उगवती’ धरावं.” न्यायाधीश पुढे झुकले. “म्हणजे हे गृहस्थ स्वतःची भिंत स्वतःच पाडायला कोर्टात आले?” “शिस्तीचे आहेत, साहेब. स्वतःवरसुद्धा त्यांना हुकूम लागतो.” आता तर स्टेनोबाईही तोंडावर हात ठेवून हसत होती. डॉक्टर मात्र हसत नव्हते. ते सरांकडे आदरानं बघत होते, जणू असा थोर शेजारी आपल्याला लाभल्याचं त्यांना आजच कळलं होतं.

सर बसून राहिले. त्यांच्या आत काहीतरी विचित्र चाललं होतं. इतकं गोड कुणी त्यांच्याबद्दल भर सभेत बोललं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा मुख्याध्यापकांनी त्यांना गणिताचे शिक्षक म्हटलं होतं. हात जोडून नुसतं गप्प बसलं की झालं. कोर्टाच्या दप्तरात कायमचं राहील: सर दिशा चुकूच शकत नाहीत. त्याची किंमत एक स्वयंपाकघर. आणि क्षणभर, खरंच एक क्षणभर, त्यांनी मनात ओटा उचलून बाहेरच्या खोलीत ठेवून बघितला. बसत होता. मग त्यांना शेजारून वास आला, बायकोच्या हातांचा, साबणाचा आणि पातेल्याला लागलेल्या दुधाचा. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, पुढे बघत होती, आणि तिचा चेहरा तळ्याभोवतीच्या तिसऱ्या फेरीला होता तसा झाला होता: दमलेला, समजूतदार, ह्यांना काही विचारून उपयोग नाही हे माहीत असलेला. वकीलबाई बोलायला लागल्या होत्या. “साहेब, ही टायपिस्टकडून झालेली...” “नाही,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना वळल्या. सरांनीही वळवली असती, पण ते तेच होते.

“वर्गात... कोर्टात मला बोलता येईल का?” न्यायाधीशांनी खुणेनं पुढे बोलावलं. सर पुढे गेले आणि सवयीनं तोंड मुलांकडे, म्हणजे पक्षकारांकडे करून उभे राहिले. “इकडे, सर,” न्यायाधीश म्हणाले. सर वळले. “दिशा अशा शिकाव्यात,” त्यांनी सुरुवात केली, “की प्रथम उत्तरेकडे तोंड करावं. आता ह्या खोलीत उत्तर...” आणि ते थांबले. खिडक्या बंद, काचांना रंग फासलेला. येताना जिन्याला इतकी वळणं होती. खोलीतली माणसं उगीचच वळून बघायला लागली, एक म्हातारा कपाटाकडे बोट दाखवत होता, शिपाई दाराकडे, दलदलनंही नकळत डावीकडे बोट केलं होतं. “उत्तर कुठेय, सर?” न्यायाधीशांनी विचारलं, तेही आता अर्धवट वळलेले. सरांनी पंख्याकडे बघितलं, डागांच्या बेटांकडे बघितलं. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मागोमाग, गाठोडं सुटावं तशी, उरलेली वाक्यं घरंगळत आली. “घरीही मी बघितलं नाही. बाईंनी बरोबर लिहिलं होतं. मी खोडलं. लाल पेनानं मीच खोडलं. टायपिस्टला मी काय खोडलं तेही कळलं नसेल, तिनं होतं तसं उतरवलं. चूक झाली नाही, साहेब. मी चुकलो.” सर वाट बघत होते. काय होतं अशा वेळी? छत कोसळतं? वर्ग उठून जातो? पंखा किरकिरत राहिला.

न्यायाधीशांनी मान हलवली आणि स्टेनोबाईला सांगायला सुरुवात केली, भाजीला मीठ घालावं इतक्या सवयीनं: पुरावा सुरू झालेला नाही, कारण प्रामाणिक दिसतं, दुरुस्ती अर्ज मंजूर, ‘पूर्व’च्या जागी ‘पश्चिम’ वाचावं, वादीनं प्रतिवादीला खर्च द्यावा. आणि आकडा सांगितला. डॉक्टर आपल्या घरातल्याच दवाखान्यात नुसतं ‘आ करा’ म्हणायला जेवढं घेत, त्याहूनही कमी. वकीलबाईंनी आनंदानं फाइल मिटली. पण सर हलले नाहीत. त्यांना काहीतरी बोचलं होतं. “साहेब,” ते म्हणाले, “एवढाच?” “काय एवढाच?” “दंड.” वकीलबाईंनी त्यांची बाही ओढली, त्यांनी ती सोडवली. “थोडा वाढवता आला तर बघा. मी जन्मात पहिल्यांदा...” न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “सर, दंड कमी करा म्हणून रोज भांडतात माझ्याशी. वाढवून मागणारे तुम्ही पहिलेच. वाढवू कशासाठी? चूक साधी आहे. अशा दिवसाला चार येतात.” “चार?” “बरा दिवस असेल तर.” आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

बाहेर व्हरांड्यात दलदल धावत मागून आला, चष्मा हातात. “सर, रागावलात? धंदा आहे आमचा.” “मांडलंस उत्तम,” सर म्हणाले. “आवाज चांगला, उभा नीट राहिलास. पण मुद्दा चुकला.” “कुठला?” “तोच, रे. मी चुकू शकत नाही, तो.” दलदल एकदम लहान मुलासारखा हसला, आणि हसता हसता त्याला रुमाल काढावा लागला. पलीकडे डॉक्टर खांबापाशी घोटाळत होते. सरांनी पाकिटातून मोजून खर्च त्यांच्या हातात ठेवला. डॉक्टर अवघडले. “आता भिंतीचं मग...” “लढणार,” सर म्हणाले. “आता नीट लढणार, तुमच्याच भिंतीशी.” मग, जीभ एकदा सैल झालीच होती म्हणून की काय, त्यांनी विचारलं, “पण ती वाढवलीत का इतकी? मी विचारलंच नाही कधी.” डॉक्टर आश्चर्यानं बघायला लागले. “अहो, मावळतीचं ऊन थेट माझ्या खुर्चीतल्या पेशंटच्या डोळ्यांत! तुमच्या खिडकीच्या काचेवरून उलटून येतं. तोंड उघडा म्हटलं की ते डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की तोंडही.” बायको मधेच म्हणाली, “मग काचेला बाहेरून पातळ पडदा लावला असता की मी! एवढंच होय?” तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हे असं होतं, होय. “तारीख कुठली पडलीय?” डॉक्टरांनी विचारलं. “पुढच्या महिन्यातली.” “मग तोवर... बघू या का पडदा लावून?” “बघू,” सर म्हणाले. हो म्हणायला अजून त्यांना थोडा वेळ हवा होता.

बसच्या रांगेत बायको पुढे, सर मागे. ऊन पाठीवर पडलं होतं. ते कुठून पडतंय हे त्यांनी बघितलं नाही. त्यांना कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, अगदी ओठांशी आलं होतं, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीला वाटतं तसं. मागे एक माणूस उभा होता, हातात ट्यूबलाइट घेतलेला, ती कुणाला लागू नये म्हणून जीव मुठीत धरलेला. सर त्याच्याकडे वळले. “मी आज चुकलो,” ते म्हणाले. “भर कोर्टात.”

“बरं,” तो माणूस म्हणाला. “जरा पुढे सरकता का? रांग हललीय.”

“अहो, हललीय की खरंच,” भूगोलसर म्हणाले आणि घाईघाईनं पुढे सरकले.